दगडी गलबते, तैलरंगातील जहाजे

अंबरनाथच्या शिवमंदिराला आमच्याकडे सर्रास ‘हेमाडपंती’ म्हणतात. रिक्षावाले म्हणतात, शाळेच्या सहलीबरोबर आलेल्या बाई म्हणतात, मंदिराबाहेर बेल-फुले विकणाऱ्या मावशीही म्हणतात. मंदिराच्या उत्तरद्वाराच्या तुळईवर आतल्या बाजूने जो शिलालेख आहे त्यात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, हे साल आहे आणि महामंडलेश्वर माम्वाणिराजाचे, म्हणजेच उत्तर कोकणच्या शिलाहार मुम्मुणीचे, नाव आहे. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव यादवाचा मंत्री. त्याचा काळ यानंतर दोनशे वर्षांनी येतो. दगडावर दगड रचलेले कोणतेही जुने देऊळ दिसले की ते हेमाडपंतांच्या खात्यावर मांडायचे, ही महाराष्ट्राची जुनी सवय आहे आणि एरवी मी ती मनावर घेत नाही. पण अंबरनाथच्या बाबतीत हा शब्द मला बोचतो. ज्या घराण्याने हे मंदिर उभारले त्याचा शेवट यादवांनी केला, आणि त्या शेवटाची हकीकत आपल्याला कळते ती हेमाद्रीच्याच लेखणीतून.

हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या प्रचंड ग्रंथाच्या व्रतखंडात यादवांची राजप्रशस्ती आहे. तीत उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचे सांगितले आहे. अभ्यासकांनी त्यावरून जुळवलेला क्रम असा : जमिनीवर महादेव यादवाच्या फौजेपुढे टिकाव लागेना, तेव्हा सोमेश्वराने समुद्राचा आश्रय घेतला, यादवांनी तिथेही पाठलाग केला, सोमेश्वर लढाईत बुडाला आणि त्याच्याबरोबर त्याचे राज्यही. काळ साधारण १२६५चा. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा सोमेश्वराने समुद्राच्या पोटातला वडवानल पत्करला, अशी कल्पना प्रशस्तिकाराने केली आहे. विजेत्याच्या पदरी असलेल्या पंडिताला ती शोभते.

अंबरनाथहून समुद्र दिसत नाही, म्हणून या घराण्याचा समुद्राशी संबंध होता हे आपल्याला चटकन सुचत नाही. मंदिराला लागून वालधुनी वाहते. आज तिला नदी म्हणताना जीभ अडखळते, कारखान्यांचे रंगीत पाणी घेऊन ती उल्हासनगरच्या वस्त्यांमधून कल्याणकडे जाते. पण जाते ती खाडीकडेच, आणि कल्याणची खाडी समुद्राला मिळते. बदलापूरवरून येणारी उल्हास नदीही त्याच खाडीची. शिलाहारांची राजवट या पाण्यावर बसलेली होती. मुम्मुणीचा पुतण्या अनंतदेव याचा शके १०१६चा, म्हणजे १०९४चा, खारेपाटण येथे सापडलेला ताम्रपट आहे. त्यात भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धणाम या दोन अमात्यांच्या जहाजांना श्रीस्थानक म्हणजे ठाणे, नागपूर, शूर्पारक म्हणजे सोपारा, चेमुल्य म्हणजे चौल इत्यादी बंदरांत जकात माफ केली आहे. राजाच्या बिरुदांत ‘पश्चिमसमुद्राधिपति’ हे एक. मंत्रीच व्यापारी आणि व्यापाऱ्याचीच जहाजे, असा तो कारभार होता. मंदिरांचा पैसा कुठून आला असेल याचा अंदाज करायला हा ताम्रपट पुरेसा आहे.

मग या समुद्राधिपतींची जहाजे दिसत कशी होती?

पश्चिम भारतातील जहाजांची जुनी चित्रे म्हटली की दोन नावे ठरलेली. सातवाहनांची, विशेषतः यज्ञश्री सातकर्णीची, दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची नाणी आणि अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातले पूर्णाच्या कथेतले तीन शिडांचे जहाज. दोन्ही मोलाची, पण दोन्ही शिलाहारांच्या कितीतरी आधीची. शिलाहारांच्या मुलखातली, त्यांच्या काळाला जवळची जहाजे पाहायची तर बोरिवली पश्चिमेला एक्सरला जावे लागते. अंबरनाथहून लोकलने दादरला जाऊन पुन्हा वर चढायचे, म्हणजे सुट्टीचा अर्धा दिवस जातो. पण जावे.

एक्सरला वीरगळ आहेत. १८८२च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने त्यांची नोंद केली तेव्हा ते एका आमराईत, तळ्याच्या काठी ओळीने उभे होते. संख्या सहा. त्यांपैकी चार सुमारे दहा फूट उंच आणि तीन फूट रुंद, बाकीचे दोन लहान. आज भोवती पूर्ण वस्ती आहे. वीरगळ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्याची रीत ठाऊक असेल. दगडावर एकावर एक पट्टे असतात आणि कथा खालून वर वाचायची असते. खाली लढाई व मृत्यू, त्याच्यावर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, आणि माथ्यावर कैलास व कलश. महाराष्ट्रभर गावोगावच्या वेशीवर असे दगड पडलेले आहेत. गाई वळवून नेल्या म्हणून झालेली मारामारी, वाघाशी झुंज, घोडेस्वारांची चकमक असे त्यांचे विषय. एक्सरच्या काही दगडांवरही जमिनीवरचीच लढाई आहे. पण इतरांच्या तळाच्या पट्ट्यांत पाणी आहे.

एका दगडावर खालच्या पट्ट्यात उंच नाळेची पाच जहाजे एकामागोमाग लढाईला निघाली आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला नऊ वल्ही आहेत. त्याच्या वरच्या पट्ट्यात अशाच चार जहाजांनी एका जहाजाला घेरले आहे आणि माणसे पाण्यात पडत आहेत. दुसऱ्या एका दगडावर तर आठ पट्टे आहेत. सगळ्यांत खाली अकरा जहाजे. त्यांच्यावर ढाली-तलवारी घेतलेली माणसे, समोर उंच पिछाडीचे एक जहाज. वर पुन्हा जहाजे, पुन्हा लढाई, मग किनाऱ्यावर उतरलेली फौज. आणखी एका लहान दगडावरच्या जहाजात एक प्रमुख छत्राखाली बसला आहे. हे सगळे तपशील गॅझेटियरमध्ये आहेत, आणि मी मुद्दाम तिथलेच घेतले आहेत, कारण सव्वाशेहून अधिक पावसाळ्यांनंतर त्यांतले काही आता बोटांनी चाचपूनच कळतात. दगडांवर लेखही होते, एकावर अकरा ओळींचा. गॅझेटियरच्या काळीच तो वाचता येत नव्हता.

म्हणजे लढाई आहे, जहाजे आहेत, वीर आहेत, पण नाव नाही आणि साल नाही. ही पोकळी अभ्यासकांनी आपापल्या परीने भरली. गॅझेटियरने शैलीवरून अकरावे-बारावे शतक सुचवले. पुढे सोमेश्वर-महादेव युद्धाशी या दगडांचे नाते जोडले गेले, आणि आज बहुतेक लेखांत व फलकांवर तेच वाचायला मिळते. हा मोह समजण्यासारखा आहे. एकीकडे बुडालेला राजा आहे पण चित्र नाही, दुसरीकडे चित्र आहे पण बुडणाऱ्याचे नाव नाही. दोघांची गाठ घालून दिली की कथा पूर्ण होते. मला स्वतःला ही गाठ सैलच ठेवावीशी वाटते. वीरगळ सहसा राजासाठी उभारत नाहीत. तो उभारतात पडलेल्या योद्ध्याचे आप्त किंवा त्याचा धनी. उत्तर कोकणच्या समुद्रात लढाया काही एकदाच झाल्या नाहीत. आणि यादव जिंकले असतील तर हरलेल्या बाजूच्या वीरांचे इतके खर्चिक दगड त्यांनी उभारू दिले का, की हे दगड यादवांकडून लढलेल्यांचेच आहेत, हेही प्रश्न उरतातच.

पण लढाई कोणती, या प्रश्नापेक्षा मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : दगडावरच्या त्या जहाजांवर विश्वास किती ठेवायचा? घटना कोणतीही असो, जहाजे खरी आहेत का?

या प्रश्नाचा विचार करताना मी काही वर्षे एका अगदी दूरच्या गोष्टीकडे वळलो, ती म्हणजे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन इतिहासचित्रे. कारण साधे आहे. त्या चित्रांत जहाजे आणि होड्या विपुल आहेत, चित्रकाराचे नाव, गिऱ्हाईक, साल सगळे लिहून ठेवलेले आहे, आणि ज्या घटना रंगवल्या त्यांची कागदपत्रेही उपलब्ध आहेत. चित्रातली नाव आणि खरी नाव शेजारी ठेवून पाहता येते. एक्सरला ती सोय नाही.

सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण घेऊ. जर्मनीत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला इमॅन्युएल लॉइट्झ याने १८५१ साली ड्युसेलडॉर्फ येथे ‘वॉशिंग्टन डेलावेअर नदी ओलांडताना’ हे चित्र पुरे केले. ते आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. बारा फुटांहून उंच आणि एकवीस फुटांहून रुंद, भिंतच म्हणायची. बर्फाचे तुकडे तरंगणारी नदी, पहाटेचा उजेड, एका छोट्या होडीत दाटीवाटीने बसलेली डझनभर माणसे आणि पुढे एक पाय होडीच्या नाळेवर ठेवून ताठ उभे असलेले जनरल वॉशिंग्टन. मागे झेंडा फडकतो आहे. अमेरिकेतल्या मुलांना हे चित्र पाठ असते, जसे आपल्याकडे शिवराज्याभिषेकाचे चित्र.

आता घटना. २५ डिसेंबर १७७६ची रात्र. अंधार, गारांचे वादळ. नदी ओलांडायला प्रामुख्याने वापरल्या त्या ‘डरहॅम’ नावाच्या नावा. या डेलावेअर नदीवरच्या कामकरी नावा होत्या, लोखंडाचा माल वाहणाऱ्या. चाळीस ते साठ फूट लांब, सपाट बुडाच्या, उंच कडांच्या. त्यांत माणसे उभ्यानेच जात, आणि तोफा व घोडे तर मोठ्या तराफ्यांवरून गेले. लॉइट्झच्या होडीत कोणी तसे उभे राहिले तर सगळेच पाण्यात जातील. चित्रातला झेंडाही अजून जन्मला नव्हता. तारे-पट्ट्यांचा झेंडा १४ जून १७७७ रोजी मान्य झाला. आणि बर्फ आहे तो ऱ्हाइन नदीचा, कारण चित्रकार ऱ्हाइनच्या काठी बसला होता.

या चुकांची यादी अमेरिकेत लोक आवडीने करतात. मला त्यातली गंमत फार काळ टिकणारी वाटली नाही. चुकांपेक्षा त्या एका दिशेनेच का झाल्या ते पाहण्यासारखे आहे. होडी लहान केली की माणसे मोठी होतात. कडा खाली आणली की नायक गुडघ्यापासून दिसतो. रात्रीची पहाट केली की त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. १८४८च्या युरोपातल्या फसलेल्या क्रांत्या नुकत्याच होऊन गेल्या होत्या आणि लॉइट्झला हरलेल्या जर्मन उदारमतवाद्यांना धीर द्यायचा होता. त्या कामात खरी डरहॅम नाव त्याच्या उपयोगाची नव्हती. तिच्या उंच कडेमागे वॉशिंग्टन अर्धे झाकले गेले असते.

वॉशिंग्टन शहरातल्या कॅपिटॉल इमारतीच्या घुमटाखाली जी आठ मोठी चित्रे आहेत त्यांतही हीच रीत दिसते. जॉन व्हँडरलिनचे ‘कोलंबसचे आगमन’ १८४७मध्ये तिथे लागले. त्यात कोलंबस ध्वज घेऊन किनाऱ्यावर उभा आहे आणि त्याची तीन जहाजे मागे, पार्श्वभूमीवर लहानशी. समुद्र ओलांडून त्याला आणणारी जहाजेच चित्रात शेवटच्या रांगेत. हेच चित्र पुढे पाच डॉलरच्या नोटेच्या पाठीवर आले, १८९३च्या दोन सेंटांच्या तिकिटावर आले आणि जगभर गेले. त्याच्याआधी १८४३मध्ये लागलेल्या रॉबर्ट विअरच्या चित्रात १६२० सालचे धर्मयात्रेकरू ‘स्पीडवेल’ जहाजाच्या डेकवर प्रार्थना करत आहेत. जहाज तिथे एखाद्या प्रार्थनागृहासारखे झाले आहे, शीड म्हणजे पडदा. एडवर्ड मोरनने शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या सागरी इतिहासावर तेरा चित्रांची मालिका केली. तेरा हा आकडा मूळच्या तेरा वसाहतींचा. जहाज हे राष्ट्राचे वाहन, अशी ती सगळी योजना.

त्याच अमेरिकेत त्याच काळात जहाजे रंगवणारे दुसरे लोक होते. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरचा फिट्झ हेन्री लेन हा त्यांतला मोठा. शिळाछापाच्या कारखान्यात शिकलेला, बंदरातच वाढलेला. त्याच्या चित्रांतल्या जहाजांचे दोर, डोलकाठ्या, शिडांच्या घड्या आजही जहाजांचा इतिहास लिहिणारे पुरावा म्हणून वापरतात. त्याची हातोटी मोठी होतीच, पण दुसरेही कारण आहे. अशी चित्रे विकत घेणारे लोक जहाजांचे मालक, कप्तान, बंदरातले व्यापारी होते. एखादा दोर चुकीच्या खुंटीला बांधलेला दिसला तर कप्तान चित्र परत पाठवील, ही भीती चित्रकाराच्या डोक्यावर असे. कॅपिटॉलमधले चित्र पाहणाऱ्या काँग्रेस-सदस्याला तो दोर दिसतच नाही.

एक्सरच्या दगडाकडे परत जाताना मी हाच प्रश्न घेऊन गेलो : हा दगड कोण पाहणार होते? समोर गोराईची खाडी. गावात कोळी, आगरी, भंडारी. ज्याच्या नावाने दगड उभारला त्याची माणसे याच पाण्यावर जगणारी. वीरगळावरचा वरचा अर्धा भाग, म्हणजे अप्सरा आणि कैलास, हा पाथरवटाच्या ठरलेल्या नमुन्यातला. तो घाटावरच्या दगडावरही तसाच असतो. पण खालच्या पट्ट्यातली जहाजे नमुन्यात नव्हती. ती कुठूनतरी पाहून, विचारून कोरावी लागली. आणि नऊ वल्ह्यांच्या जागी सात कोरली असती तर ते लगेच सांगणारे डोळे रोज त्या वाटेने जाणार होते.

याचा अर्थ दगडावरचे जहाज म्हणजे आराखडा असा नाही. माणसे जहाजांच्या मानाने मोठी आहेत, लॉइट्झच्या होडीत आहेत तशीच. नऊ हा आकडा मोजून आला की पट्ट्यात मावला म्हणून, हे दगडाला विचारता येत नाही. पण काही गोष्टी अशा आहेत ज्या नायकाला मोठे करायला लागत नाहीत आणि तरीही तिथे आहेत. डोलकाठी आहे आणि शिवाय वल्हीही आहेत. लढाईच्या वेळी वाऱ्यावर विसंबायचे नाही, खाडीच्या तोंडाशी आणि किनाऱ्यालगत हातांच्या बळावर जहाज वळवायचे, ही पद्धत त्यातून दिसते. नाळ उंच आहे. पिछाडी उंच केलेली आहे आणि हुकूम देणारा तिथे आहे. लढणाऱ्या माणसांइतकीच वल्हवणारी माणसे कोरली आहेत, आणि ही गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. गोव्यात जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात कदंबांच्या काळातले वीरगळ आहेत, त्यांवरही वल्ह्यांची लढाऊ जहाजे दिसतात. दोन घराणी, दोन किनारे, आणि जहाजांची जात तीच. तेव्हा पाथरवटाने जहाज मनाने रचले असे म्हणायला जागा फार उरत नाही.

ही वल्ह्यांची रीत पुढेही टिकली. अठराव्या शतकात रॉबर्ट ऑर्मने आंग्र्यांच्या आरमाराचे वर्णन केले आहे त्यात गलबत म्हणजे चाळीस-पन्नास वल्ह्यांचे, क्वचितच सत्तर टनांच्या वरचे जहाज. गुराब त्याहून मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढे लांब सखल नाळ काढलेली. गुराबेच्या मोठ्या तोफा त्या नाळेवरून पुढे मारा करत. वारा पडला की गलबते वल्ही मारत गुराबेला ओढून नेत आणि शत्रूच्या पिछाडीला नेऊन उभी करत. युरोपीय जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना असतात. त्याच्या मागे जाऊन मारायचे, ही त्यातली खुबी.

आता आमच्याकडची गंमत सांगतो. बदलापुरात दिवाळीत किल्ल्यांच्या स्पर्धा होतात आणि काही वर्षे मी परीक्षक म्हणून हिंडतो आहे. मातीचे रायगड-राजगड मुले फार बारकाईने करतात. महादरवाजा कुठे, टकमक कुठे, याच्यात चूक काढता येत नाही. पण सिंधुदुर्ग किंवा जंजिरा केला की भोवतीच्या निळ्या पाण्यात थर्माकोलचे जे जहाज येते ते हमखास तीन डोलकाठ्यांचे, चौकोनी फुगीर शिडांचे, कुशीला तोफांच्या खिडक्यांची रांग असलेले. एकदा तर मराठ्यांच्या जहाजावर कवटी आणि दोन हाडांचा काळा झेंडा होता. इंग्रज आंग्र्यांना चाचे म्हणत आले, त्याला आमच्या आळीतून इतका उघड पाठिंबा मिळेल असे वाटले नव्हते. मुलांना दोष नाही. भिंतींवरची आरमाराची चित्रे, कॅलेंडरे, नाटकांचे पडदे यांत जहाज त्यांना तसेच दिसते. छापील चित्रांतून कोलंबसचे आणि नेल्सनचे जहाज आपल्या डोळ्यांत इतके बसले आहे की ‘जुने जहाज’ म्हटले की हात आपोआप तेच काढतो.

एक गोष्ट मात्र मुलांच्या बाजूने बोलली पाहिजे. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर कल्याणच्या खाडीत जहाजबांधणी सुरू केली, तेव्हा १६५९च्या सुमारास रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर त्या कामावर होता आणि वसईच्या पोर्तुगीजांनी त्याला व त्याच्या माणसांना फोडून परत नेले, असे पोर्तुगीज कागद सांगतात. म्हणजे आमच्या उल्हास नदीच्या मुखाशी बांधलेल्या त्या पहिल्या जहाजांत फिरंगी हात होता. मराठी गुराब ही शुद्ध देशी आणि तीन डोलकाठ्यांचे जहाज शुद्ध परके, अशी रेघ कल्याणच्या चिखलात तरी मारता येत नाही. पण सभासदाच्या बखरीत गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे, पगार अशी जहाजांची वेगवेगळी नावे येतात. इतकी नावे असलेली जहाजे एकाच साच्यातून काढायची हे काही बरे नव्हे.

रेघ उलट्या बाजूनेही पुसली गेली आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली इंग्रजी युद्धनौका ‘कॉर्नवॉलिस’, चौऱ्याहत्तर तोफांची, १८१३मध्ये पाण्यात उतरली. एप्रिल १८१५च्या अखेरीस ‘हॉर्नेट’ या अमेरिकन लढाऊ जहाजाने तिला आधी व्यापारी जहाज समजून जवळ केले, आणि चूक कळल्यावर दोन-तीन दिवस जीव घेऊन पळ काढला. वजन कमी करण्यासाठी तोफा, होड्या, हत्यारे समुद्रात फेकली आणि एकच तोफ घेऊन ते घरी पोहोचले. युद्ध संपल्याचा तह तोपर्यंत होऊन गेला होता, पण समुद्रावर बातमी पोहोचली नव्हती. याच युद्धातील लढायांची चित्रे टॉमस बर्चसारखे चित्रकार अमेरिकेत रंगवत होते आणि त्यांत इंग्रजी जहाज म्हणजे ओकच्या लाकडाचे, इंग्लंडच्या मातीतले, असे पाहणारा गृहीत धरतो. त्यांतले एक मुंबईचे होते. पुढे १८४२मध्ये चीनशी नानकिंगचा तह झाला तो याच ‘कॉर्नवॉलिस’वर. त्या समारंभाचे जॉन प्लॅटचे चित्र प्रसिद्ध आहे, पण प्रसंग जहाजाच्या केबिनमधला. रांगेने बसलेले अंमलदार दिसतात, जहाज बाहेरून दिसतच नाही.

अमेरिकेचे राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या ‘मिंडेन’ जहाजावर लिहिले गेले, ही कथाही आपल्याकडे अधूनमधून छापून येते. फ्रान्सिस स्कॉट की त्या रात्री आपल्याच बाजूच्या, तहाचे निशाण लावलेल्या जहाजावर होता. ‘मिंडेन’ मुंबईचे, १८१०चे, एवढे खरे आहे आणि तेवढे पुरे आहे.

आमच्या पट्ट्यात जहाजातून उतरलेली सगळ्यांत मोठी वस्ती उल्हासनगरची आहे. १९४७-४८मध्ये कराचीहून बोटींनी मुंबईला आलेल्या सिंधी कुटुंबांना कल्याणच्या लष्करी छावण्यांत आणले, आणि ऑगस्ट १९४९मध्ये त्या छावण्यांना उल्हासनगर हे नाव मिळाले. पाचही कॅम्पांत माझे येणे-जाणे आहे. दुकानांत, घरांत झुलेलालची तसबीर असते : पांढऱ्या दाढीचे देव, सिंधूचे पाणी आणि पायाखाली पल्ला मासा. ज्या बोटीने आजी-आजोबांना इथे आणले तिचे चित्र मात्र मला एकाही भिंतीवर दिसले नाही. विचारले की म्हातारी माणसे डेकवरची गर्दी सांगतात, उलट्या सांगतात, पाण्यासाठीची रांग सांगतात. बोट किती डेकची, कुठल्या रंगाची, हेही काहींना अजून सांगता येते. त्यांची संख्या दर वर्षी कमी होते आहे. लॉइट्झला पंचाहत्तर वर्षांपूर्वीची नदी रंगवायची होती आणि ती रात्र पाहिलेले माणूस त्याच्या हाताशी नव्हते. आपल्याकडे पंचाहत्तर वर्षांपूर्वीची बोट पाहिलेली माणसे कॅम्प चारमध्ये ओट्यावर बसलेली आहेत. उल्हासनगरात कोणी तरुण चित्रकार असेल तर त्याने आधी कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याकडे जावे, रंग नंतर.

अंबरनाथच्या मंदिराला एका बाबतीत नशीब लाभले. १८६८मध्ये सरकारी हुकमावरून मुंबईच्या कलाशाळेतील टेरी यांच्या देखरेखीखाली एक तुकडी तिथे आली. तिने आराखडे काढले, छायाचित्रे घेतली, शिल्पांचे साचे उतरवले. पुढे १८७४च्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त मंदिराची माहिती छापून आली. त्यामुळे गेल्या दीडशे वर्षांत काय झिजले आणि काय गेले हे ताडून पाहता येते. एक्सरच्या दगडांना गॅझेटियरमधले शब्द मिळाले. शब्दांत ‘अकरा जहाजे’ असे लिहिता येते, पण अकराव्या जहाजाच्या नाळेचा बाक किती, डोलकाठी मध्यावर की थोडी पुढे, वल्ही पाण्यात की वर उचललेली, हे साच्यातच टिकते. आज साचा घ्यायला प्लास्टरही लागत नाही, मोजणीची नवी यंत्रे दगडाला हात न लावता ते करतात. शिलाहारांचे मंदिर आमच्या गावात आहे, तेव्हा शिलाहारांच्या मुलखातल्या या जहाजांची चौकशी करण्याचा थोडा हक्क अंबरनाथकरांना आहे असे मी समजतो. आणि बदलापूरच्या पुढच्या दिवाळीच्या सिंधुदुर्गासाठी नमुना हवा असेल, तर तोही एक्सरइतक्या जवळ दुसरीकडे मिळणार नाही. गलबताचे ते आजोबा-पणजोबा म्हणायचे.

जाणार असाल तर भर दुपारी जाऊ नका, सपाट उजेडात कोरीव काम दिसत नाही. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा, सोबत एखादी बॅटरी ठेवा आणि ती दगडाच्या कडेने, अगदी आडवी धरा. कैलास वर आहे, तो नंतर पाहता येईल. आधी खाली उकिडवे बसून तळाच्या पट्ट्यातले पहिले जहाज धरा आणि वल्ही मोजा.